बोरातली वस्ती

“बोरं मेल्यात, अव्वा. माझ्या हाताला नावं ठिवू नकोस.”

“बोरं कुटं मरत्यात व्हय गं? वाळली, सुरकुतली, दगडावानी झाली, तरी त्यात राहणारे जित्तेच असत्यात. माझ्या सासूनं सांगितलंय मला. आन तू कुठली शहाणी, बोरं मेली म्हणणारी?”

“मग तीन दिस झाले, दूध कामून लागंना?”

“त्ये तुझ्या हाताला इच्चार की! पंजा बघ कसा हाय, हिरीतल्या पाण्यागत थंडगार.”

“हात थंड हाय म्हणून दूध लागत न्हाई व्हय? मग तू मेल्यावर आंघोळ घालायच्या आधी माझाच हात लावून बघा म्हणावं, जित्ती हायेस का मेली.”

“ऐका! आईला मेली म्हणायलीय!”

कडब्याच्या गंजीआड उभी राहून बाणूबाईनं हे भांडण ऐकलं, तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. चिरका आवाज सासूचा, भरडा आवाज नणंदेचा. नणंद म्हणजे निंगव्वा. ती हुलसूरला दिलेली होती आणि घरातला म्हातारा आजा वारला म्हणून त्याच्या दिवसांसाठी माहेरी चिंताकीला आलेली होती. बाणूबाईच्या कडेवर कडब्याची पेंडी तशीच राहिली आणि म्हशीनं चारदा हंबरून बघितलं, तरी तिचा पाय हलला नाही.

भांडण कशाचं, ते आधी कळायला पाहिजे. या मेंढरंवाल्यांच्या भावकीत एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की घरातलं सगळं दही-ताक ओढ्याला द्यायचं आणि विरजणाचं बोळकं धुऊन पालथं घालायचं. बाराव्या दिवशी नवं दही लावायचं. पण त्यासाठी दुसऱ्याच्या घरचं विरजण आणायचं नाही. ज्या घरातून एक जीव गेला, त्या घराचं उसन्या जिवावर भागत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. मग काय करायचं, तर माळावरच्या बोराटीची बारकी लाल बोरं घ्यायची. ती आधीच सावलीत वाळवून, फडक्यात बांधून आढ्याला टांगलेली असतात. त्यातली पाच बोरं नखानं चिरायची आणि घरच्या लेकीनं आपल्या हातानं कोमट दुधात सोडायची. रात आणि अर्धा दिवस गेला की दूध लागतं. दही पातळच होतं, जरा आंबूस, आणि त्याला बोराचा वास येतो. भावकीतलं एकेक माणूस त्या दह्याबरोबर भाकरीचा घास खातं, मग मेंढवाड्याचं फाटक उघडतात आणि मेंढरं माळाला सुटतात. सुतक फिटलं म्हणायचं ते तेव्हा.

आणि त्या वेळी दूध लागतच नव्हतं. बारावा उलटून गेला तरी तीन दिवस मेंढरं वाड्यात कोंडून ओरडत होती. तीन दिवस गडीमाणसं ओसरीवर बसून एकमेकांची तोंडं बघत होती. आज्यानं वर जाऊन काहीतरी अडवून धरलंय, असं कुणीतरी म्हणालं. मग दुसऱ्या कुणीतरी निंगव्वाच्या हाताकडं बघितलं.

आता बाणूबाईला गंजीआड घाम का फुटला होता?

तिचं माहेर निंबर्गा. तिथं एकदा पटकी आली होती, तेव्हा दवाखान्याची नर्सबाई घरोघर फिरून सांगून गेली होती की, पाणी उकळा, भांडी उकळा, जे जे उकळता येईल ते ते उकळा. बाणूबाई दुसरीपर्यंत शिकलेली. शाळेतलं सगळं विसरली, पण नर्सबाईचं विसरली नाही. आजा गेल्यावर घर सारवायला काढलं तेव्हा आढ्याची पुरचुंडी तिच्या हाताला आली. सोडून बघते तर एका बोरात अळी. नवी सून, घरात दुःख, सासू रडून रडून आंधळी झालेली. आपण काहीतरी चांगलं करून दाखवावं म्हणून तिनं ती सगळी बोरं तपेल्यात टाकून खळखळ उकळली, परत घोंगडीवर पसरून वाळवली आणि पुरचुंडी होती तशी बांधून टांगली. कुणाला सांगितलं नाही. चांगल्या कामाची जाहिरात काय करायची, असं तिला वाटलं होतं.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सासू स्वतः माळावर गेली, बोराटीची ताजी बोरं तोडून आणली, आणि म्हणाली, “बाणू, इकडं ये. आज तू सोड बघू.”

“मी तर सून हाय, आत्या.”

“लेकीच्या हाताला गुण न्हाई, मग काय करू? ये म्हणते ना!”

बाणूनं बोरं सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी बोळकं कलतं करून बघितलं तर दही थरथरलं, पण सांडलं नाही. सगळ्यांच्या जिवात जीव आला. बाणूनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं, हे तिची शपथ घेऊन सांगता येईल. पण त्या उघडलेल्या तोंडात कुणीतरी दहीभाकरीचा घास घातला. घास गिळेपर्यंत मेंढरं माळाला लागली होती आणि बाणूबाई गुणाच्या हाताची झाली होती.

अशी ही बाणूबाई. गेल्या पौषात ती झोपेतच गेली, सत्तरीच्या पुढं. मधली पन्नास वर्षं तिनं काय केलं म्हणाल तर मेंढरं राखली, नवऱ्याचा, लिंगाप्पाचा संसार केला, पोरगा मल्लेश वाढवला, लिंगाप्पाला पोचवला, आणि भावकीत कुणाचं सुतक फिटायचं असेल तर पदराच्या टोकाला पाच बोरं बांधून त्या घरी गेली. लोक वाटेत थांबून तिला जागा द्यायचे. “बाणूबाई आली, आता लागतंय,” असं म्हणायचे. घरच्या लेकीची रीत बाजूला ठेवून भावकी तिलाच बोलवायची. तिचा हात कधी चुकला नाही. कारण बोरं तिनं पुन्हा कधी उकळली नाहीत.

आणि निंगव्वा? तिच्या हाताची गोष्ट हुलसूरपर्यंत पायी चालत गेली. दोन वर्षांनी तिचा नवरा तापानं गेला, तेव्हा ती गोष्ट तिथं आधीच बसलेली होती. सासरच्यांनी हाताकडं बोट केलं. निंगव्वा माहेरी परत आली आणि अंगणापलीकडच्या एका खोलीत राहिली. स्वभाव तोच, जीभ तीच. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली तर तिचा हात कुणी धरणार नाही असं काम करायची. फक्त दुधाला हात लावायची नाही. एका पावसाळ्यात गुपचूप लावून बघितलं होतं तिनं. चार दिवस सूर्य नव्हता, गारठा होता, त्या दिवसांत कुणाचंच दूध लवकर लागत नव्हतं. पण निंगव्वानं ते आपल्याच हातावर घेतलं आणि पुन्हा प्रयत्न केला नाही.

तेव्हापासून एक ठरून गेलं. रोज दिवस मावळताना निंगव्वा आपली पोचा पडलेली काशाची वाटी दूध घालून बाणूबाईच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची.

“घे गं गुणाचे. लाव.”

“ठिव अक्का तिथं.”

आणि सकाळी दही झालेली वाटी बाणूबाई अंगण ओलांडून पोचती करायची. रोज. सणाला, उन्हाळ्याला, अंगात ताप असताना. रोज ती वाटी हातात घेतली की बाणूबाईला कडब्याचा वास यायचा.

काही माणसं असल्या ओझ्यानं कडू होतात. बाणूबाई जरा स्वप्नाळू झाली, एवढंच. मार्गशीर्षात बोराटीला बोरं आली की ती माळावर जायची. तांबडा मुरूम, वर वाऱ्यावर झुलणारं वाळलं गवत, आणि मधेच ते काटेरी झुडूप, त्याला शेंदरी मणी लागल्यासारखी बोरं. एक बोर चिमटीत धरून ती उन्हाकडं बघायची. उन्हानं बोराची कडा पेटायची. ‘त्यात राहणारे’ असं सासू म्हणाली होती. कोण राहतं? कसं राहतं? बाणूबाईच्या मनात तिथं एक वस्ती होती. बारकी बारकी घरं, बारक्या चुली, संध्याकाळी बारीक धूर. बोर पिकलं की त्यांचा उन्हाळा, वाळलं की हिवाळा, घोंगडी पांघरून सगळे गप पडलेले. मग कधीतरी कोमट दुधाचा पूर आला की सगळे उठून कामाला लागतात. बोरं तोडताना ती पुटपुटायची, “चला रे बाबांनो, बिऱ्हाड हलवा.” बरोबरच्या बायका हसायच्या. बाणूबाईही हसायची. पण फडक्यात बोरं टाकताना ती उंचावरून टाकायची नाही, हळूच ठेवायची.

आणि कधीकधी त्याच विचारात तिला ती उकळलेली पुरचुंडी आठवायची. मग ती मनाला समजवायची. कुणाला ठाऊक, बोरंच मेली असतील की निंगव्वाचा हातच खरा थंड असेल? सासू म्हणाली ते खोटं कसं असेल? या शंकेच्या सावलीत तिनं पन्नास वर्षं काढली. तिथं बसायला बरं वाटायचं.

ती सावली काढून घेतली तिच्याच नातीनं.

भाग्यलक्ष्मी, मल्लेशची मुलगी, कलबुर्गीला कॉलेजात होती. दोन वर्षांमागं मार्गशीर्षात ती सुट्टीला आली, बोराटीची ओंजळभर बोरं काचेच्या बाटलीत भरून घेऊन गेली आणि महिन्याभरानं संक्रांतीला परत आली ती उड्या मारतच.

“आज्जी, तुझ्या बोरात खरंच राहत्यात गं!”

“कोण?”

“जीव! बारीक, डोळ्याला दिसत न्हाईत असले. ह्ये बघ.” तिनं कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो मोबाइलवर पुढं धरला. काळ्यानिळ्या रंगात तांदळाच्या कण्या सांडल्यासारखं काहीतरी होतं. काही एकेकट्या, काही हातात हात धरून रांगेनं. “मी बोर बाहेरनं स्पिरिटनं धुतलं. साल काढून टाकली. नुसता आतला गर घेतला, तरी बी तीन दिसांत ह्ये उगवले. म्हंजे सालीवर बसायला आलेले पाव्हणे न्हाईत हे. आतच बिऱ्हाड हाय त्यांचं. झाड त्यांना हाकलत न्हाई, आन ते झाडाला तरास देत न्हाईत.”

बाणूबाईनं मोबाइल दोन्ही हातांत धरला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. चेहरा असा झाला होता, जणू लांबच्या गावची, नुसतं नाव ऐकलेली माणसं दारात येऊन उभी राहिली आहेत.

“लुगडी न्हाईत गं नेसलेली,” ती हळूच म्हणाली.

भाग्यलक्ष्मी हसून हसून पडायला आली. “त्येच दूध आंबवत्यात, आज्जी. दुधातली साखर खात्यात, आन आंबट करून सोडत्यात.”

“मग... हाताचं काय?”

“कसला हात?”

“लावणारीचा.”

“हाताचं काय न्हाई त्यात. तू सोड, मी सोडते, न्हाईतर खिडकीतनं माकडानं सोडू दे. बोर चांगलं पाहिजे आन दूध कोमट पाहिजे. बास.”

आत भाकरी थापत बसलेल्या श्रीदेवीनं, म्हणजे सुनेनं, तेवढ्यात साधून घेतलं. “बघा! आन गाव उगंच आमच्या आत्यांच्या हाताला मान द्यायलंय. उद्यापास्नं माकडाला बोलवत जावा म्हणावं.”

एरवी बाणूबाईनं याला चोख उत्तर दिलं असतं. या वेळी तिनं नातीलाच विचारलं, “आन समज, कुणी बोरं उकळली तर?”

“उकळली? मग मेलेच की सगळे. उकळलेलं बोर म्हंजे रिकामं घर. त्यानं दूध कसं लागंल?”

बोरं मेल्यात, अव्वा. पन्नास वर्षांपूर्वी गंजीपलीकडून आलेला तो भरडा आवाज बाणूबाईला जसाच्या तसा ऐकू आला.

दुपारी तिचा लिंबाखाली घोंगडीवर डोळा लागला. स्वप्नात ती बोराच्या आत गेली. आत मंद, पिवळसर उजेड होता, कंदिलाच्या काचेतून यावा तसा. भिंती मऊ, जमीन गोड वासाची. वस्तीतली माणसं अंगणात बसली होती. कुणी तिला शिवीगाळ केली नाही. एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, “बाई, तुमच्या घरला आमची काही माणसं आली होती, आढ्याला टांगलेल्या फडक्यात. मागं कधी निरोप न्हाई आला. राजीखुशी हायेत ना?” तिनं इकडंतिकडं बघितलं तर कोपऱ्यात भिंतीला टेकून तरणी निंगव्वा बसलेली. हातात रिकामी वाटी. ती बाणूबाईकडं बघत नव्हती, वाटीतच बघत होती.

जाग आली तेव्हा लिंबाची सावली अंगावरून सरकून गेली होती आणि तोंडावर ऊन आलं होतं.

सांगायचं तर होतंच. पण सांगायचं कसं? बाणूबाई तीनदा अंगण ओलांडून गेली. पहिल्यांदा तिनं मांजराची तक्रार केली. दुसऱ्यांदा सुईदोरा मागितला, तोही हातात सुईदोरा असताना. तिसऱ्यांदा नुसती बसून आली. निंगव्वा म्हणाली, “तुला काय झालंय गं? खुळी झालीस का म्हातारपणी? का मी मरायलेय अन् मला कुणी सांगंना?”

चौथ्या दिवशी सांजेला निंगव्वा वाटी घेऊन आली. “घे गं गुणाचे. लाव.”

“अक्का, मला गुणाची म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू? तहसीलदार म्हणू?”

“बस जरा हितं.” आणि उंबऱ्यावर बसून, वाटी दोघींच्या मधे ठेवून, बाणूबाईनं सगळं सांगितलं. नर्सबाई सांगितली, अळी सांगितली, तपेलं सांगितलं. गंजीआडचं सांगितलं. तोंडात पडलेला घासही सांगितला. “तू त्या दिशी बरोबर बोलली व्हतीस. बोरं मेली व्हती. मीच मारली व्हती. तुझ्या हाताला काय बी झालेलं न्हाई, अक्का. कधीच न्हाई.”

निंगव्वा वाटीतल्या दुधाकडं बघत राहिली. वरच्या सायीवर एक बारकी माशी येऊन बसली, ती तिनं करंगळीनं उडवली. मग तिनं आपला उजवा पंजा उलटा केला, सुलटा केला. शेवटी वाटी उचलली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पलीकडं निंगव्वा कोरडी भाकरी चटणीबरोबर खात होती, ते या अंगणातून दिसत होतं. ती मुद्दाम दिसेल असं बसत होती. श्रीदेवीनं विचारलं, “आत्या, निंगज्जी रुसल्यात व्हय?” बाणूबाई म्हणाली, “रुसली न्हाई. लई वर्सांनी जागी झालीय.”

आठव्या दिवशी निंगव्वा आली. हात रिकामे. दारातच उभी राहिली.

“मला सांगितलंस. गावाला कोण सांगणार?”

बाणूबाईनं खाली मान घातली.

“हुलसूरला माझ्या जावा मला काय म्हणत्यात, म्हाईत हाय तुला? नवरा गेला तवा मी त्याच्या तोंडात पाणी घालायला पुढं झाले, तर माझा हात धरला त्यांनी. ह्यो हात.” तिनं हात पुढं केला. “ती माणसं आता न्हाईत. त्यांना कुटं जाऊन सांगू मी? पर हितली हायेत अजून. त्यांना तू सांगायचं. चार माणसांत. माझ्यासमोर.”

“सांगते, अक्का.”

“आन मान जाईल तुझा.”

“जाऊ दे. माझा कुटं व्हता त्यो?”

फाल्गुनात भावकीतल्या गुरप्पाची म्हातारी आई गेली. बाराव्या दिवशी बाणूबाईला बोलावणं आलं. तिनं पदराला पाच बोरं बांधली आणि निंगव्वाचा हात धरून गुरप्पाच्या दारात गेली. निंगव्वाला बघून बायकांची कुजबुज थांबली. आज्याच्या त्या सुतकानंतर अशा घरात निंगव्वा कधी दुधाजवळ आलेली नव्हती. तिची ती जागाच नव्हती.

“आज दूध निंगाक्का लावंल,” बाणूबाई म्हणाली.

भावकीतला थोरला बंडेप्पा ओसरीवरून उठलाच. “वहिनी, ह्यो चेष्टेचा दिस हाय का? गुरप्पाची मेंढरं बारा दिस झाले वाड्यातच हायेत.”

“चेष्टा मी पन्नास वर्सांमागं केली, बंडेप्पा. आज निस्तरायलेय.” आणि मग भरल्या घरात, पाटावर न बसता उभ्यानंच, तिनं सगळं सांगितलं. मधे कुठं काही गाळलं नाही. अळीसुद्धा गाळली नाही.

मग कोपऱ्यातून एक जुनी म्हातारी बोलली, “तरीच! मी तवा म्हणत व्हते, आढ्याच्या बोरांना शिजवल्यावानी वास का यायलाय. पर माझं कोण ऐकतंय?” तिनं असं तेव्हा काही म्हटलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं सगळे हसले. सुतकाच्या घरात हसू नये, पण ते हसू कुणाच्यानं आवरलं नाही. गुरप्पाही हसला आणि मग डोळे पुसले.

बंडेप्पा बसला. “लाव बाई मग,” तो निंगव्वाला म्हणाला. “पर न्हाई लागलं तर?”

“तर माकडाला बोलवा,” निंगव्वा म्हणाली. बाणूबाईच्या घरातलं तिच्या कानावर सगळं येत होतं.

बोरं चिरताना तिच्या बोटांतून एक बोर निसटून जमिनीवर गेलं. ते तिनं उचललं, फुंकलं आणि कोमट दुधात सोडलं. वर झाकण घातलं. आणि मग ती घरी गेलीच नाही. बोळक्यासमोर भिंतीला टेकून बसून राहिली. बाणूबाईही तिच्या शेजारी बसली. पहाटे डोळा लागला तेव्हा बाणूबाईला झाकणाखालची वस्ती उठल्याचा भास झाला: दारं उघडायलीत, कुणी कुणाला हाका मारायलंय, दुधाच्या पांढऱ्या गल्ल्यांतून सगळे कामाला निघालेत. तिनं निंगव्वाच्या दंडाला हात लावला. “अक्का, उठलेत बघ.” निंगव्वा झोपेतच म्हणाली, “आवाज करू नकोस मग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बंडेप्पानंच बोळकं कलतं केलं. दही थरथरलं. सांडलं नाही.

निंगव्वानं भाकरीचा पहिला घास त्या दह्यात बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. रीत अशी नव्हती, घरधन्याला आधी द्यायचा असतो. पण गुरप्पा थांबला. तिनं तो घास किती वेळ चावला! मग डोळे मिटूनच म्हणाली, “आंबट हाय.”

मेंढरं सुटली. घंटांचा आवाज माळापर्यंत जात राहिला. घरी परतताना अंगणाच्या मध्यावर निंगव्वा थांबली.

“बाणू, मी काय तुला माफ केलं न्हाई.”

“न्हाई केलंस तर न्हाई.”

“पन्नास वर्सं मी वाटी घेऊन तुझ्या दारात आले. आता तू यायचं माझ्या दारात. तुझ्या घरचं दूध मी लावणार. रोज. पन्नास वर्सं.”

“पन्नास?”

“एक दिस बी कमी न्हाई.”

“अक्का, मी एकशेवीस वर्सांची व्हईन!”

“त्ये तुझं तू बघ. पळून जायचं न्हाई.”

तेव्हापासून सगळं उलटं झालं. दिवस मावळायला लागला की बाणूबाई दुधाचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन अंगण ओलांडायची. निंगव्वा तिला आधी थोडा वेळ दारात उभी करायची, मग “ठिव तिथं” म्हणायची. श्रीदेवीला हे आवडायचं नाही. घरात फ्रीज होता, पाकिटातलं दही गावातल्या दुकानात मिळत होतं. पण निंगव्वाच्या हातचं दही मल्लेशला आवडायला लागलं आणि तो विषय मिटला. भावकीतून निंगव्वालाही बोलावणी यायला लागली. ती जायची, आणि बोरं चिरण्याआधी जमलेल्या बायकांना पंजा उघडून दाखवायची. “बघून घ्या. थंड हाय का गरम?” बायका हात लावून बघायच्या. हात खरोखर थंडच असायचा.

पुढच्या मार्गशीर्षात दोघी मिळून माळावर गेल्या. निंगव्वानं बोरं फडक्यात उंचावरून टाकली तेव्हा बाणूबाई म्हणाली, “हळू की. पडत्यात ते.” निंगव्वानं तिच्याकडं बघितलं. पुढची बोरं तिनं ठेवली.

बाणूबाईची गेल्या पौषातली ती शेवटची सांज रोजच्यासारखीच होती. ऊन माळाच्या कडेला जाऊन पडलं होतं, चुलींचा धूर पत्र्यांवर टेकला होता. बाणूबाईनं दूध तापवलं, कोमट होईपर्यंत करंगळीनं दोनदा बघितलं, गंजावर ताटली ठेवली आणि काठी टेकत अंगण ओलांडलं.

“आज जास्त आणलंस गं?”

“भाग्या यायलीय उद्या.”

“ठिव तिथं.” निंगव्वानं विरजणाचा थेंब सोडला, बोटानं एकदा ढवळलं. “आन गेलीस म्हणून संपलं न्हाई. किती राहिली म्हाईत हाय का?”

“तूच सांग.”

“एकोणपन्नास वर्सं, आन दोन महिने.”

“लई झाली बाई,” बाणूबाई म्हणाली आणि काठी सावरून निघाली. अंगणाच्या मध्यावर वळून तिनं हाक मारली, “अक्का, झाकण नीट ठिव. मांजर फिरायलंय.”

“जा गं, मला शिकवू नकोस!”

बाणूबाईनं कमरेवर हात ठेवून उरलेलं अंगण ओलांडलं, उंबरा चढली, आणि काठी दाराआड तिच्या रोजच्या जागी उभी केली.